कोनाचा आकडा आला, पण कशात? अंश, रेडियन, गॉन यांची अदलाबदल: साइटवर नव्याने आलेल्यांसाठी

घणसोलीतली साइट, लाइनआउटचा (म्हणजे इमारतीची जमिनीवर आखणी करण्याचा) दिवस. ड्रॉइंगवर कोन होता ४५°३०′, म्हणजे ४५ अंश ३० मिनिटं. मी टोटल स्टेशनमध्ये (कोन आणि अंतर मोजायच्या यंत्रात) ४५.५ टाकलं, कारण साडेपंचेचाळीस म्हणजे ४५.५, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. यंत्राने ते ४५°५०′ असं वाचलं. साठ मीटरवर खुंटी ठोकली, चुना पडला आणि मिस्त्रीने दोरी ताणून शेजारच्या ओळीशी ताडून पाहिलं. "साहेब, हे गुण्यात येत नाय." गुण्यात म्हणजे काटकोनात. मी आधी त्याच्याशी वाद घातला. मग टेप लावली. फरक ३५ सेंटिमीटर, म्हणजे फुटाहून जास्त! खड्डा खणायला सुरुवात झाली नव्हती एवढंच नशीब.

त्या वीस मिनिटांच्या चुकीत (मिनिटं कोनाची, घड्याळाची नव्हेत) गणित कुठेच चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते आकडा कशात आहे हे विचारणं. डिप्लोमा किंवा डिग्री करून ठाणे-नवी मुंबईच्या साइट्सवर रुजू होणारी मुलं-मुली दरवर्षी याच खड्ड्यात पडताना दिसतात, म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढतोय.

आधी जवळ काय हवं

- अंश-मिनिट-सेकंदाचं बटण (° ′ ″) असलेला सायंटिफिक कॅल्क्युलेटर. फोनवरचा चालेल, पण भर उन्हात स्क्रीन दिसत नाही.
- तुमच्या यंत्राचं मॅन्युअल, फोनमध्ये पीडीएफ करून. भाड्याचं यंत्र असेल तर मॉडेल नंबर बघूनच उतरवून घ्या.
- ड्रॉइंग आणि त्यावरच्या नोट्स. कोपऱ्यातल्या नोट्स कुणी वाचत नाही, पण एकक बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.
- कंट्रोल पॉइंट्सची (जागेवरच्या पक्क्या, मोजलेल्या खुणांची) यादी, आणि जागेचा आधी सर्व्हे झाला असेल तर त्याचा रिपोर्ट.
- फील्डबुक आणि पेन्सिल. रकान्याच्या डोक्यावर एकक लिहिल्याशिवाय पहिला आकडा लिहायचा नाही.

१. पूर्ण फेरी कितीची, ते आधी ओळखा

सगळी एककं एकाच फेरीचे वेगवेगळे तुकडे आहेत. अंशात पूर्ण फेरी ३६०, गॉनमध्ये ४००, रेडियनमध्ये दोन पाय (२π) म्हणजे ६.२८३२. काटकोन अनुक्रमे ९०, १०० आणि १.५७०८. एवढं पाठ असलं की बाकी सगळं त्रैराशिक.

यंत्र कशावर आहे ते पाहायची सोपी रीत अशी: दुर्बीण साधारण आडवी धरा आणि उभ्या कोनाचा आकडा पाहा. बहुतेक टोटल स्टेशन उभा कोन सरळ डोक्यावर शून्य धरून मोजतात. आडव्या दुर्बिणीला ९० च्या आसपास आकडा दिसला तर अंश, १०० च्या आसपास दिसला तर गॉन. मला एकदा भाड्याने आलेलं यंत्र गॉनवर ठेवलेलं मिळालं होतं. आधीच्या गिऱ्हाइकाने सेटिंग बदललं असणार. अर्धा दिवस रीडिंग्ज घेतल्यावर कळलं, कारण आडवा कोन ३७२ दाखवत होता आणि अंशात ३७२ येऊच शकत नाही.

२. कॅल्क्युलेटरला एक प्रश्न विचारा: साइन ३०

रोज सकाळी पहिलं गणित करण्याआधी साइन ३० दाबा.

उत्तर ०.५ आलं: अंश. पुढे जा.
उत्तर −०.९८८ आलं: रेडियन.
उत्तर ०.४५४ आलं: गॉन. (३० गॉन म्हणजे २७ अंश, आणि साइन २७° तेवढाच.)

पाच सेकंदांचं काम आहे. माझ्या कॅसिओ ९९१ ईएसवर शिफ्ट आणि मोड दाबलं की यादीत तिसरा पर्याय अंशाचा, चौथा रेडियनचा, पाचवा गॉनचा. स्क्रीनच्या वरच्या कडेला इंग्रजी 'डी', 'आर' किंवा 'जी' असं बारीक अक्षर असतं, तेही बघायची सवय लावा. फोनवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये वेगळाच घोळ असतो: काहींच्या बटणावर 'रॅड' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ "दाबलंत तर रेडियन होईल" असा. सध्या काय चालू आहे ते बटण सांगत नाही. म्हणून अक्षरावर विसंबू नका, साइन ३० च विचारा.

एक्सेलला हे विचारायची गरजच नाही. एक्सेलचा साइन, कॉस, टॅन कायम रेडियनच धरतो आणि सेटिंग बदलून त्याला अंश शिकवता येत नाहीत. कोन अंशात असेल तर आधी 'रेडियन्स' फंक्शनमध्ये घाला, उलट येणारं उत्तर 'डिग्रीज' फंक्शनमधून काढा. नव्या माणसाच्या शीटमध्ये निम्म्या चुका याच एका कारणाने होतात.

३. अंश-मिनिट-सेकंद आणि दशांश अंश (इथे थांबा, घाई नको)

एक अंश म्हणजे ६० मिनिटं, एक मिनिट म्हणजे ६० सेकंद. आपल्या पंचांगातले अंश, कला, विकला हेच. आजी पंचांग उघडून बसायची तेव्हा ही भाषा कानावरून गेलेली असते, साइटवर ती नव्या कपड्यांत भेटते.

दशांशात नेताना मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशात मिळवा:

१९°१२′३०″ = १९ + १२/६० + ३०/३६०० = १९.२०८३३३°

उलट जाताना अपूर्णांकाला ६० ने गुणा, पूर्णांक बाजूला काढा, उरलेल्याला पुन्हा ६० ने गुणा. ठाणे स्टेशनाजवळचा रेखांश घ्या, ७२.९७५४°. ०.९७५४ × ६० = ५८.५२४, म्हणजे ५८ मिनिटं. ०.५२४ × ६० = ३१.४४, म्हणजे सेकंद. उत्तर ७२°५८′३१.४″. कॅल्क्युलेटरवर ७२.९७५४ नंतर 'बरोबर' दाबून ° ′ ″ चं बटण दाबलंत तर हेच येतं.

गणित एवढंच. सापळे मात्र बरेच आहेत.

पहिला सापळा माझावाला. बरीच टोटल स्टेशन कोन घेताना टिंबानंतरचे पहिले दोन आकडे मिनिटं आणि पुढचे दोन सेकंद धरतात. म्हणजे ४५°३०′ साठी ४५.३० टाकायचं, ४५.५ नाही. दिसायला दशांश, असायला नाही. १९.१२३० हा आकडा या पद्धतीने १९°१२′३०″ होतो आणि खऱ्या दशांशात १९°०७′२२.८″. अक्षांशात हा फरक साडेनऊ किलोमीटरच्या आसपास जातो: माजिवड्याच्या अक्षांशावरचा बिंदू घणसोलीच्या अक्षांशावर जाऊन पडेल. ओळखायची खूण अशी की टिंबानंतरच्या पहिल्या जोडीत ६० किंवा त्याहून मोठी संख्या दिसली (उदाहरणार्थ १९.७५१०), तर ते मिनिट असूच शकत नाही, नक्की दशांश आहे. सगळ्या जोड्या साठच्या आत असतील तर मात्र नुसतं बघून सांगता येत नाही. विचारावंच लागतं.

दुसरा सापळा मधल्या अवताराचा. काही जीपीएस उपकरणं १९°१२.५′ असं लिहितात, म्हणजे अंश पूर्ण आणि मिनिटं दशांशात. ते १२ मिनिटं ३० सेकंद, १२ मिनिटं ५० सेकंद नव्हे.

तिसरा सापळा खास वाशीकरांचा. ७३° पूर्व रेखावृत्त वाशीतून जातं, त्यामुळे तिथे काम करताना ७२.९९९९९ सारखे आकडे येतात. त्याची मिनिटं ५९, सेकंद ५९.९६, एका दशांशापर्यंत पूर्णांकित केलं की शीट छापते ७२°५९′६०.०″. साठ सेकंद असं काही नसतं, ते ७३°००′००.०″ हवं. स्वतः फॉर्म्युला लिहिला असेल तर आधी एकूण सेकंद काढून ते पूर्णांकित करा, मग मिनिटं आणि अंश वेगळे करा. उलट क्रमाने केलंत की हे भूत येणारच.

चौथा, उणे चिन्ह. −१२°१५′ म्हणजे −१२.२५. चिन्ह सगळ्या कोनाला लागू असतं. फक्त अंशाला लावून मिनिटं अधिक केलीत तर −११.७५ येईल. आधी चिन्ह झाकून ठेवा, रूपांतर करा, शेवटी चिन्ह परत लावा.

एक्सेलसाठी एक युक्ती, जी मला एका सीनियरने वडापाव खाता खाता शिकवली. सेलमध्ये कोन वेळेसारखा लिहा: १९:१२:३०. शेजारच्या सेलमध्ये त्याला २४ ने गुणा आणि सेलचं फॉरमॅट 'जनरल' करा. १९.२०८३ हजर. घड्याळही साठाच्या हिशोबाने चालतं ना! फक्त उणे कोनांना ही युक्ती लावू नका, सेलमध्ये नुसत्या #### दिसतात.

४. रेडियन: घाबरू नका, उलट खिशात ठेवा

अंशाला ०.०१७४५३३ ने गुणलं की रेडियन. रेडियनला ५७.२९५८ ने गुणलं की अंश. एक रेडियन म्हणजे ५७°१७′४४.८″.

कॉलेजात हे एकक कुणी का काढलं असेल असं वाटायचं. साइटवर त्याचा उपयोग एका वाक्यात सांगता येतो: कोन लहान असेल तर रेडियन गुणिले अंतर म्हणजे बाजूला सरकलेलं अंतर. टॅन काढत बसायचं नाही. एका रेडियनमध्ये २,०६,२६५ सेकंद असतात, हा आकडा टोपीत लिहून ठेवा. पाच सेकंदांची चूक १०० मीटरवर किती? ५ × १०० ÷ २,०६,२६५ = ०.००२४ मीटर, अडीच मिलिमीटरच्या आत. एक मिनिटाची चूक १०० मीटरवर २९ मिलिमीटर. एका अंशाची पावणेदोन मीटर. माझी वीस मिनिटांची चूक साठ मीटरवर ३५ सेंटिमीटर का झाली, ते आता तुम्हीच काढून बघा.

ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास 'ज्यां'ची (ज्या म्हणजे आजचा साइन) सारणी दिली, तिच्यात वर्तुळाची त्रिज्या ३४३८ कला धरलेली आहे. पूर्ण फेरीच्या २१,६०० कलांना दोन पायने भागा, ३४३७.७५ येतं, म्हणजे एका रेडियनमधल्या कला. त्या सारणीतला पहिला कंस २२५ कलांचा, आणि त्याची ज्याही २२५. लहान कोनात कंस आणि ज्या सारखीच, म्हणजे आपण खुंटीसाठी वापरतो तोच हिशोब. रेडियन हे नाव पुष्कळ नंतरचं.

सापळा एकच: उत्तर ०.७८५४ आलं की ते पाऊण अंश समजू नका. ते ४५ अंश आहे. कोनाच्या रकान्यात ६.२८ च्या आतलेच सगळे आकडे दिसले तर संशय घ्या.

५. गॉन आणि मिल

गॉन (जुन्या पुस्तकांत ग्रेड किंवा ग्रेडियन) म्हणजे काटकोनाचा शंभरावा भाग. गॉन × ०.९ = अंश. ५८.२४६० गॉन म्हणजे ५२.४२१४°, म्हणजे ५२°२५′१७″. फ्रान्समध्ये मीटरच्या जोडीनेच हे आलं, म्हणून पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक गॉन म्हणजे साधारण १०० किलोमीटर भरतो. युरोपीय यंत्रं आणि परदेशी सल्लागारांची ड्रॉइंग्ज यांत भेटेल, एरवी नाही. गॉनच्या टिंबानंतरचे आकडे मात्र खरेखुरे दशांश असतात, तिथे मिनिटं शोधू नका.

मिल सैन्याचं. नाटोच्या हिशोबात फेरीचे ६४००, सोव्हिएत पद्धतीत ६०००. बांधकामात लागत नाही.

६. उतार: टक्के, "एकास इतके" आणि अंश

ड्रॉइंगवर रॅम्प १:१२ लिहिलेला असतो, प्लंबर टक्क्यांत बोलतो, फोनमधलं लेव्हलचं ॲप अंश दाखवतं. तिघांची गाठ अशी: उंची भागिले आडवं अंतर हे गुणोत्तर, त्याला १०० ने गुणलं की टक्के, त्याचा टॅन-इन्व्हर्स काढला की कोन.

व्हीलचेअरसाठीचा १:१२ चा रॅम्प म्हणजे ८.३३ टक्के, म्हणजे ४.७६ अंश. एका सोसायटीत ॲपवर ८.३ दिसेपर्यंत कोबा चढवताना मी पाहिला आहे. ८.३३ अंशांचा उतार जवळपास १:७ होतो, व्हीलचेअर ढकलणाऱ्याचा जीव जाईल. आणि १०० टक्के म्हणजे ९० अंश नव्हे, ४५.

उतार डोळ्यासमोर आणायचा असेल तर बोरघाट आठवा. कर्जतहून लोणावळ्याकडे चढताना गाडीला मागून इंजिन जोडतात तो घाट १ इन ३७ चा आहे. टक्क्यांत २.७, अंशात जेमतेम दीड (१°३३′). अंश लहान दिसले म्हणून उतार लहान समजू नका.

७. दिशा: एकक तेच, शून्य वेगळं

इथे अंशांचे अंशच राहतात, पण मोजायला सुरुवात कुठून करायची ते बदलतं. जुन्या नकाशांवर "दक्षिण ४२° पूर्व" अशी चतुर्थांशातली दिशा असते. आपण डब्ल्यूसीबी (होल सर्कल बेअरिंग) म्हणतो ती उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने पूर्ण ३६० पर्यंत जाते. दक्षिण-पूर्व असेल तर १८० मधून वजा: १३८°. दक्षिण-पश्चिम असेल तर १८० मध्ये मिळवा: २२२°. उत्तर-पश्चिम असेल तर ३६० मधून वजा. उत्तर-पूर्व आहे तसंच.

ऑटोकॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) मात्र मुळात पूर्वेपासून आणि घड्याळाच्या उलट मोजतं. ९० मधून डब्ल्यूसीबी वजा करा, उणे आलं तर ३६० मिळवा. १३८° चे तिथे ३१२° होतात. अंश-मिनिट-सेकंद टाकायचे असतील तर अंशाच्या चिन्हाच्या जागी इंग्रजी 'डी' अक्षर टाकायचं.

सहनिर्देशकांवरून दिशा काढताना एक्सेलचं 'एटॅन२' वापरत असाल तर त्यात आधी उत्तरेकडचा फरक, मग पूर्वेकडचा. पायथनमध्ये क्रम नेमका उलटा. हे मी प्रत्येक वेळी विसरतो, म्हणून ईशान्येचा एक ओळखीचा बिंदू टाकून बघतो. फरक १०० उत्तर आणि ५० पूर्व दिला की २६.५७° यायला हवं. ६३.४३° आलं तर क्रम उलटला.

८. घड्याळातलं मिनिट वेगळं

पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, म्हणून एक अंश म्हणजे घड्याळातली चार मिनिटं. भारतीय प्रमाणवेळ ८२°३०′ ची, वाशी ७३° वर. फरक साडेनऊ अंश, गुणिले चार, ३८ मिनिटं. म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर यायला घड्याळात साधारण साडेबारा-पाऊण होतात. जुनी 'बॉम्बे टाइम' ग्रीनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटांनी पुढे होती. गुणा १५ ने: ७२°४५′. कोष्टकात 'मिनिट' दिसलं की ते तासाचं की अंशाचं ते बघा, चूक पंधरापटीची होते.

९. किती दशांश ठेवायचे

याला एक उत्तर नाही, कशासाठी कोन हवा त्यावर आहे. पाच सेकंदांच्या यंत्राचं रीडिंग दशांश अंशात लिहिताना चार स्थळं पुरतात, कारण ०.०००१° म्हणजे ०.३६ सेकंद. रेडियनमध्ये सहा स्थळं ठेवा. पण तीच चार स्थळं अक्षांशात ठेवलीत तर ११ मीटरची ढिलाई आली, म्हणजे शेजारच्याच्या प्लॉटमध्ये गेलात. पाच स्थळांना सव्वा मीटरच्या आत, सहाला ११ सेंटिमीटर. म्हणून कुणी व्हॉट्सॲपवर "१९.०७, ७३.००" एवढंच लोकेशन पाठवलं तर आखणीला उपयोग शून्य, रिक्षावाल्याला सांगायलासुद्धा नाही.

आणि काम संपवून यंत्र पेटीत भरण्याआधी प्लॉटच्या आतल्या कोनांची बेरीज मारा. चार कोपऱ्यांचा प्लॉट असेल तर ३६०°, पाचाचा असेल तर ५४०°. गॉनमध्ये ४०० आणि ६००. काही सेकंद इकडेतिकडे झाले तर यंत्राचं आणि हाताचं. बरोबर वीस किंवा तीस मिनिटांचा गोल फरक आला तर रीडिंग पुन्हा घेऊ नका. आधी फील्डबुकात कुठे .३ च्या जागी .५ लिहिलंय ते शोधा.